मला कोणीतरी पाठवले होते



एखाद्या खोट्या निरोपाचे पाप कोणाच्या माथी? तो रचणाऱ्याच्या, पोहोचवणाऱ्याच्या, की त्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या? प्रश्न फार जुना आहे. पूर्वी निरोप माणसाच्या तोंडून जाई. पुढे तो छापील कागदावरून आणि रेडिओवरून जाऊ लागला. आज तो आपल्या खिशातील मोबाइलवर क्षणार्धात येऊन पडतो आणि अंगठ्याच्या एका स्पर्शाने शेकडो घरी जातो. प्रसारमाध्यमे राजकारण कसे घडवतात वा बिघडवतात, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. पण टीकेचा रोख बहुधा माध्यमे चालवणाऱ्यांवरच असतो. मला आज दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाविषयी, म्हणजे तुमच्या-माझ्याविषयी बोलायचे आहे. त्यासाठी प्रथम दोन रेडिओ केंद्रांची हकीकत सांगतो.

पहिले केंद्र फिलिपाइन्सचे. तेथे फर्डिनांड मार्कोस १९६५ साली अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा पुकारून विरोधकांची तोंडे बंद केली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले, तेव्हा मनिलाच्या विमानतळावरच त्यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखोंचा समुदाय लोटला. पण सरकारच्या धाकातील माध्यमांनी तिची फारशी दखल घेतली नाही. ती बातमी लोकांना दिली कॅथलिक ख्रिस्तसभेच्या रेडिओ व्हेरितासने. १९८६ च्या ७ फेब्रुवारीला निवडणूक झाली. मतमोजणीत लबाडी होत आहे असे सांगत मोजणीच्या संगणकांवर बसलेले काही कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. २२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री आणि एक वरिष्ठ सेनाधिकारी मार्कोस यांच्याविरुद्ध उभे राहिले. त्यांच्याजवळ सैनिक थोडे होते. त्या रात्री मनिलाचे कार्डिनल हायमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना आवाहन केले की, घराबाहेर पडा, या लोकांचे रक्षण करा आणि त्यांच्यासाठी अन्न घेऊन जा.

लोक निघाले. दुसऱ्या दिवशी सरकारी सैनिकांनी केंद्राचे प्रक्षेपणयंत्र निकामी केले, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणाहून प्रसारण चालू राहिले. एड्सा नावाच्या महामार्गावर लाखो माणसे उभी राहिली. रणगाड्यांसमोर धर्मभगिनी हातात जपमाळ घेऊन गुडघ्यांवर बसल्या. स्त्रियांनी समोरच्या सैनिकांना फुले आणि खाण्याचे पदार्थ दिले. २५ फेब्रुवारीस मार्कोस देश सोडून गेले. वीस वर्षांची सत्ता जवळजवळ रक्तपाताविना संपली.

दुसरे केंद्र आफ्रिकेतील रवांडाचे. तेथील हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, त्याच डोंगरउतारांवर शेजारी-शेजारी राहतात, आणि त्यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. दोन्ही समाजांत लग्नसंबंधही होत. परंतु १९३० च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने प्रत्येकाच्या हाती ओळखपत्र दिले आणि त्यावर त्याची जात नोंदवली. जी ओळख पूर्वी काहीशी लवचीक होती, ती कागदावर उतरताच दगडासारखी घट्ट झाली. १९९० च्या ऑक्टोबरात निर्वासित तुत्सींच्या सशस्त्र संघटनेने देशात चढाई केली आणि भीतीला खतपाणी मिळाले. अशा वातावरणात १९९३ च्या जुलैमध्ये आरटीएलएम नावाचे एक खाजगी रेडिओ केंद्र सुरू झाले.

वाचकहो, हे केंद्र पहिल्या दिवसापासून गर्जना करीत नव्हते. त्यावर लोकप्रिय गाणी लागत, थट्टाविनोद चाले, रस्त्यावरच्या साध्या भाषेत गप्पा होत. सरकारी केंद्राच्या रुक्ष बातम्यांना कंटाळलेल्या तरुणांना ते आवडू लागले. त्या गाण्यांच्या आणि विनोदांच्या मधोमध तुत्सींसाठी एक शब्द पेरला जाई: ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे. हसता हसता तो शब्द कानांना सवयीचा झाला. ६ एप्रिल १९९४ रोजी राष्ट्राध्यक्षांचे विमान पाडण्यात आले आणि संहार सुरू झाला. आता तेच केंद्र माणसांची नावे आणि त्यांच्या लपण्याच्या जागा सांगू लागले. सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे, आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक तुत्सी होते आणि हत्येला विरोध करणारे हुतूही होते. न्तारामा आणि न्यामाता येथील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्यांना वेदीच्या छायेतच कापून काढले. मारणारे आणि मरणारे एकाच बाप्तिस्म्याचे वाटेकरी होते. एका धर्मगुरूलाही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या हत्याकांडात दोषी ठरवले. २०१७ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या या पापांबद्दल परमेश्वराकडे क्षमायाचना केली. ही हकीकत आपण ख्रिस्ती लोकांनी मान खाली घालूनच वाचली पाहिजे.

या केंद्राच्या चालकांवर टांझानियातील अरुशा येथे खटला चालला. त्यांतील एक फर्डिनांड नाहिमाना हे इतिहासाचे प्राध्यापक होते. हाती बंदूक वा कोयता न धरता त्यांनी हजारो निरपराध लोकांचा मृत्यू घडवून आणला, अशा आशयाचे शब्द न्यायालयाने २००३ साली त्यांना सुनावले. २००७ साली अपिलात काही आरोप व शिक्षा कमी झाल्या, तरी चिथावणीचा दोष कायम राहिला. शब्दसुद्धा शस्त्र असू शकतो, हे कायद्याने मान्य केले.

येथवर सर्व दोष बोलणाऱ्याचा दिसतो. पण पुढे पाहा. त्या संहारात रेडिओचा वाटा नेमका किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुष्कळ मारेकऱ्यांनी असे सांगितले की, आम्ही रेडिओ ऐकून निघालो नाही. आमच्या दाराशी शेजारी आले, गावचा अधिकारी आला, म्हणून आम्ही निघालो. म्हणजे ध्वनिक्षेपकापासून कोयत्यापर्यंतचा शेवटचा रस्ता माणसांनीच चालून पूर्ण केला. यंत्रातून निघालेला शब्द कोणीतरी अंगणात उच्चारला, कोणीतरी त्याला मान डोलावली, कोणीतरी गप्प बसला. म्हणूनच रवांडाचा न्याय अरुशाच्या न्यायालयापाशी थांबू शकला नाही. गावोगावी ‘गचाचा’ नावाची लोकन्यायालये भरली. २०१२ साली ती बंद झाली तोवर त्यांनी दहा लाखांहून अधिक प्रकरणे ऐकली होती. ध्वनिक्षेपकासमोर बसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण ज्यांना आपल्याच शेजाऱ्यांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले, ते असंख्य होते.

आता आपण विचाराल, या दोन केंद्रांत भेद तो कोणता? दोघांनीही लोकांना रस्त्यावर बोलावले. दोघांवरही लोकांचा विश्वास होता. एक धर्मसंस्थेचे होते म्हणून चांगले, असे म्हणून मोकळे होता येत नाही. रवांडात चर्चच्या आतच काय घडले ते आपण पाहिले. एकाने सत्य सांगितले व दुसऱ्याने असत्य, एवढेही उत्तर पुरेसे नाही. २४ फेब्रुवारी १९८६ च्या सकाळी एड्सावरच्या लोकांनाही रेडिओवरून चुकीची बातमी मिळाली होती. मार्कोस पळाले, असे सांगण्यात आले. लोक आनंदाने नाचले, आणि थोड्याच वेळात मार्कोस दूरदर्शनच्या पडद्यावर अवतरले. चूक कोणाच्याही हातून होते.

माझ्या मते भेद तीन ठिकाणी दिसतो. पहिला, निरोप मोल कोणाकडून मागतो? मनिलाच्या निरोपाने ऐकणाऱ्याला स्वतःचा जीव धोक्यात घालायला सांगितले. रवांडाच्या निरोपाने दुसऱ्याचा जीव मागितला. दुसरा, समोरच्याला तो कोणते नाव देतो? तेथे शत्रूपक्षाच्या सैनिकालाही भुकेलेला मुलगा मानून खाऊ घातले गेले. येथे शेजाऱ्याला झुरळ म्हटले गेले. तिसरा, चूक उघडी पडल्यावर काय उरते? मनिलाची खोटी बातमी उघडी पडली तेव्हा लोक खजील झाले आणि पुन्हा रस्त्यावर उभे राहिले. कोणाचे प्रेत पडले नव्हते. रवांडात चूक सुधारायला वेळच उरला नाही, कारण सुधारणा ज्यांच्यापाशी नेऊन पोहोचवायची ते जिवंत नव्हते. हे तीन प्रश्न कोणीही साधा माणूस, अक्षरशत्रू असला तरी, कोणत्याही निरोपाला विचारू शकतो.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणू नका. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. बाजाराचा दिवस होता. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून पोट भरणाऱ्या माणसांची ओळख एका निरोपाने पुसली आणि तिच्या जागी ‘टोळी’ हा शब्द लिहिला.

त्या वर्षी देशभर अशाच निरोपांसोबत एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. वस्तुतः ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फीत होती आणि तिच्या शेवटी ते मूल परत आणून सोडलेले दिसते. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. कापणारा एक असेल. पुढे पाठवणारे लाखो होते. त्या लाखोंत दुष्ट किती असतील? मला वाटते, फारच थोडे. बहुतेकांना आपल्या नातवंडांची, भाचरांची काळजीच वाटली असेल. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घालण्याचे ठरवले. यंत्राला मर्यादा घातली हे बरे झाले. पण विवेकाचे काम यंत्राकडे सोपवता येत नाही. पाच ठिकाणीही विष पोहोचते.

आपण म्हणाल, “मला ठाऊक नव्हते. मला कोणीतरी पाठवले होते, मी पुढे पाठवले.” ही सबब किती जुनी आहे ते पाहा. उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाच्या कथेकडे पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या आपल्या संदेशात बोट दाखवले होते. खोट्या बातमीचा आरंभ त्यांना तेथे दिसला. त्या कथेत सर्पाखेरीज आणखी दोघे आहेत. एकीने ऐकले, चाखले आणि पुढे दिले. दुसऱ्याने एकही प्रश्न न विचारता घेतले. परमेश्वराने जाब विचारला तेव्हा पुरुषाने स्त्रीकडे बोट दाखवले आणि स्त्रीने सर्पाकडे. प्रत्येकाचे म्हणणे खरेच होते, कारण प्रत्येकाला ते दुसऱ्याकडूनच मिळाले होते. तरीही कोणी निर्दोष ठरला नाही. निर्गमाच्या पुस्तकात तर खोटी वार्ता पसरवू नये आणि पुष्कळ लोक करतात म्हणून दुष्कर्मात त्यांच्यामागे जाऊ नये, असे दोन निर्बंध लागोपाठ घातले आहेत. अफवा आणि जमाव यांचे नाते त्या प्राचीन काळीही माणसाला कळले होते.

याचा अर्थ कशावरही विश्वास ठेवू नये, असा नव्हे. सर्वच माध्यमे खोटारडी आहेत असे म्हणणारा स्वतःला शहाणा समजतो. पण तो खोटे बोलणाऱ्याचेच काम हलके करतो. जेथे कोणाचेच खरे मानले जात नाही, तेथे जो मोठ्याने बोलतो त्याचेच चालते. आणि एकदा सत्यासाठी उभा राहिलेला समाज कायमचा सुरक्षित झाला, असेही नाही. ज्या फिलिपाइन्सने एड्सावर इतिहास घडवला, तेथेच पुढे समाजमाध्यमांवरून मार्कोस यांची राजवट म्हणजे सुवर्णयुग होते, अशी प्रतिमा रंगवली गेली. असत्याच्या या प्रसाराविरुद्ध लढणाऱ्या पत्रकार मारिया रेसा यांना २०२१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आणि पुढच्याच वर्षी मार्कोस यांचे पुत्र अध्यक्षपदी निवडून आले. मतदारांनी कोणाला मत द्यावे, हा त्यांचा अधिकार. पण स्मृतीची राखण दर पिढीला नव्याने करावी लागते, हा धडा आपल्यासाठीही आहे.

वाचकहो, माझी मागणी थोडी आहे. आज रात्री एखाद्या समाजाविषयी, जातीविषयी वा धर्माविषयी एखादा निरोप आला, तर तो पुढे धाडण्यापूर्वी ज्याच्याविषयी तो आहे त्या समाजातील आपल्या ओळखीचा एक माणूस डोळ्यांसमोर आणा: दूधवाला, शिक्षिका, सोबत काम करणारा. त्याच्यासमोर बसून आपण हा निरोप मोठ्याने वाचू शकू का? जर नाही, तर तो आपल्यापाशीच थांबू द्या. जग त्याने सुधारणार नाही, हे खरे. पण राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी ज्या साखळीचे शेवटचे टोक पोहोचले, तिची एक कडी कोठेतरी, कोणाच्या तरी घरी, दिव्याच्या उजेडात जोडली गेली होती. ती जोडणारा आपल्यासारखाच एक सज्जन गृहस्थ असावा. उद्या जाब विचारला गेला, तर “मला कोणीतरी पाठवले होते” याहून अधिक काही सांगता यावे, एवढी तयारी आपण आजपासून करू या.