अंधारातला कोंब



हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेले बटाटे. उजेड जेमतेम, वरच्या लहानशा खिडकीतून येईल तेवढाच. तरीही त्या बटाट्यांना फिकट, पांढुरके कोंब फुटतात आणि खिडकीच्या दिशेने वाढत राहतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी लहानपणी पाहिलेलं हे दृश्य जन्मभर मनात जपलं.

१९०२ साली शिकागोजवळ जन्मलेले रॉजर्स पुढे शेतावर वाढले. आधी शेतीचं शिक्षण, मग धर्माचं आणि शेवटी मानसशास्त्राचं. रॉचेस्टर शहरात त्यांनी १२ वर्षं अडचणीतल्या मुलांसोबत काम केलं. तिथे त्यांना उमगलं, की कुठे दुखतंय हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. म्हणून मदतीसाठी येणाऱ्याला ‘रुग्ण’ म्हणणं त्यांनी सोडलं. त्याच्या जागी जाऊन त्याला समजून घ्यायचं, कोणतीही अट न घालता स्वीकारायचं आणि आपण आतबाहेर एकच राहायचं, ही त्यांची रीत.

आपल्या ‘समुपदेशन’ या शब्दात उपदेश दडलेला आहे. रॉजर्स यांच्या वाटेवर मात्र ऐकणं आधी येतं.

आज घरात कुणी गप्प गप्प असेल, तर ‘त्यात काय एवढं’ असं म्हणू नका. शेजारी बसा. त्याचं बोलणं पुरतं होऊ द्या. गरज वाटली, तर समुपदेशकाकडे जाताना त्याच्या सोबत चला.

कोंब ओढून उंच करता येत नाही. आपल्याला खिडकी तेवढी उघडता येते.