कूलरच्या घरघरीखाली

घोरणाऱ्या माणसाचं आपल्याकडे कौतुकच फार. ‘काय मस्त झोपलाय’ म्हणायचं, फार तर कुंभकर्ण म्हणून थट्टा करायची. डाउन सिंड्रोम असलेलं लेकरू घोरायला लागलं, की घरच्यांना हायसंच वाटतं. दिवसभर दमवलं, निजलं एकदाचं! पण त्या घोरण्यात मध्येच दहा-पंधरा सेकंद सगळं शांत होतं, मग गुदमरल्यासारखा हिसका, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. ती शांतता गाढ झोपेची नसते. तेवढा वेळ हवा आत गेलेली नसते.

अकोल्याच्या जुन्या शहरात तर हे ऐकूही येत नाही. मार्च ते जून खिडकीत पत्र्याचा कूलर घरघरत असतो, आणि त्याच्याखाली शेजारच्या अंथरुणातला श्वास बुडून जातो. गच्चीवर ओळीने अंथरुणं पडायची तेव्हा निदान एखादी काकू सकाळी सांगायची, ‘‘लेकराचा जीव राती लय घाबरा होत होता वं.’’

डाउन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान, तोंडाच्या मानाने जीभ मोठी आणि स्नायू सैल. झोपेत ते आणखी सैल होतात आणि घशाची वाट मिटते. त्यात टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड, थायरॉइड किंवा वाढलेलं वजन भर घालतं. झोपेत असा श्वास अडणं म्हणजे अडथळ्याचा स्लीप अ‍ॅप्निया. सर्वसाधारण मुलांत तो शंभरात फार तर पाच जणांना. डाउन सिंड्रोमच्या मुलांत निम्म्याहून अधिकांना असल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांचं हृदय जन्मतःच सदोष असतं, त्यावर रात्रभर ऑक्सिजनची ही चढउतार.

माझं म्हणणं रात्रीपेक्षा दिवसाबद्दल जास्त आहे. झोप तुटलेलं मूल पेंगतंच असं नाही. उलट ते चवताळतं, एका जागी बसत नाही, शिकलेलं विसरतं. राजराजेश्वराच्या कावडीचे ढोल दारावरून जात असताना मोठं पोरगं ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या घेतं. डॉक्टर विचारतात, तर उत्तर तयार: ‘‘थो तसाच हाये जी लहानपणापासून.’’ डॉक्टरही मान डोलावतात. सगळा दोष त्याच्या बुद्धीच्या खात्यावर टाकून आपण मोकळे! मग कधी कधी रात्रीच्या त्रासावर झोपेची गोळी दिली जाते. अशा काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, काहींनी वजन वाढतं. (चालू औषध मनाने बंद करू नये. पण हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.)

आयांना यातलं बरंच ठाऊक असतं. झोपेतच हात लांब करून त्या लेकराला कुशीवर वळवतात, उशी उंच करतात. मूल बसल्या बसल्या पुढे वाकून, पायांवर डोकं टेकवून झोपतं, उशी घामाने भिजते, तोंड उघडं राहतं, हे त्या वर्षानुवर्षं पाहतात. केसपेपरवर मात्र यातलं काही येत नाही, कारण कुणी विचारत नाही. तरीही केवळ घरच्यांच्या सांगण्यावर भागत नाही. काही घोरत नसलेल्या मुलांतही तपासणीत दोष निघतो. म्हणूनच अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डाउन सिंड्रोमच्या प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी चार वर्षांच्या आत करावी, असं 2011 पासून सांगितलं आहे. आपल्याकडे 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी-शाळांत जातात. डाउन सिंड्रोम त्यांच्या यादीत आहे. ‘रात्री श्वास अडतो का?’ एवढा एक प्रश्न त्यांनी वाढवला तर काय बिघडेल?

आणि ज्यांच्या शेजारी आईच नाही, त्यांचं काय? अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, ही त्यांची जुनी मागणी. ती या आजाराच्या अंगानेही पटते. डाउन सिंड्रोममध्ये वयाबरोबर श्वासाचा अडथळा वाढू शकतो आणि चाळिशीच्या पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका असतो. त्या वयातला विसराळूपणा कशामुळे, हे शोधायला रात्रीची नोंद ठेवणारं माणूस लागतं. कोणत्याही निवासी संस्थेत रात्रपाळीच्या मावशींना हे शिकवणं फारसं खर्चिक नाही.

उपाय आहेत. टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढल्याने अनेकांना आराम पडतो, पण दोष उरू शकतो, म्हणून नंतर पुन्हा तपासणी लागते. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे मणके सैल असू शकतात, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगावं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये जगापुढे आणलेलं सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. हा पोरगा मास्क लावू देणार नाही, असं आपणच आधी ठरवून बसतो. दिवसा टीव्ही पाहताना पाच मिनिटं, मग दहा, असं करत अनेकजण सरावतात. वीज गेली की यंत्र बंद पडतं, ही अडचण मात्र खरीच.

तेव्हा आज रात्री थोडा वेळ कूलर बंद करा. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यात छाती दिसू द्या. तो घेऊन मोर्णा नदीपलीकडच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा आणि डॉक्टरांना आधी तो दाखवा.