काटा कोणाचा?

सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यावर मी यवतमाळात मूल्यांककाचा व्यवसाय सुरू केला. एखाद्याने घर किंवा प्लॉट तारण ठेवून कर्ज मागितले, की कर्ज देणारी संस्था त्या जागेवर ज्या माणसाला पाठवते, तो मी. उतारा पाहायचा, हद्दी पाहायच्या, काळ्या मातीने पाया खाल्ला आहे की काय हे भिंतीच्या भेगांवरून ताडायचे, आसपासची खरेदीखते आणि सरकारी मूल्यदरांचे तक्ते चाळायचे, आणि शेवटी एक आकडा लिहून खाली सही करायची. व्यवसाय लहान आहे. पण त्या सहीवर एका बाजूने संस्थेचा पैसा आणि दुसऱ्या बाजूने एका कुटुंबाचे छप्पर अवलंबून असते.

काही काळापूर्वी एका मध्यस्थ कचेरीतून मला फोन आला. यापुढे अमुक संस्थेची कामे थेट मिळणार नाहीत, आमच्यामार्फत मिळतील. त्यासाठी प्रथम नोंदणीची रक्कम भरावी आणि पुढे प्रत्येक अहवालामागे फीतला ठरावीक हिस्सा आम्हांला द्यावा, असा निरोप होता. बोलणारा मुलगा अतिशय सभ्य होता. मी जरा चिडून बोललो, तेव्हा तो म्हणाला, "काका, याला लाच समजू नका. हे सेवाशुल्क आहे." मी नकार दिला आणि फोन ठेवला. पण त्याचे वाक्य काही मनातून जाईना. खरेच, यात वाईट नेमके काय आहे?

काम करण्यासाठी पैसे मोजणे ही काही नवी गोष्ट नव्हे. वकील सनदेचे पैसे भरतो, दुकानदार जागेचे भाडे देतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष आहे. व्यापाऱ्यांनी आपली वजने दर चार महिन्यांनी तपासून त्यांवर शिक्का घ्यावा आणि त्याचे शुल्क द्यावे, असे तिथे सांगितले आहे. मग मूल्यांककाने शुल्क दिले तर बिघडले कुठे?

मला वाटते, येथे दोन शुल्कांची गल्लत होते. एक शुल्क काटा तपासून घेण्याचे असते. ते सर्वांना सारखे असते आणि भरल्याने काटा अधिक विश्वसनीय होतो. दुसरे शुल्क काटा धरू देण्याचे असते. ते भरल्याने काट्याच्या खरेपणात गुंजभरही भर पडत नाही. फक्त तो कोणाच्या हाती राहील एवढेच ठरते. पहिल्यात माणूस आपली लायकी सिद्ध करतो, दुसऱ्यात तो आपली पाळी विकत घेतो.

हा भेद आम्हां वऱ्हाडातल्या लोकांना तरी परका वाटू नये. कापूस तोलणारा मापारी व्यापाऱ्याचा माणूस असला तर शेतकऱ्याचे काय होते, हे या भूमीने फार पूर्वी भोगले आहे. कारंज्याचा नियंत्रित बाजार 1886 सालचा. पुढे 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि दलाल व मापारी यांना परवाने आले. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला 1905 साली मिळाले. त्या कायद्याने बाजारातला अन्याय संपला असे कोणीही म्हणणार नाही. पण तोलणारा हा ना घेणाऱ्याचा ना विकणाऱ्याचा असावा, ही कल्पना त्याने बाजारात आणली. आमच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या मापाऱ्याला मी एकदा विचारले होते, "तोलाई कोणाकडून मिळते, हे मनात येत नाही का हो?" तो म्हणाला, "काट्याकडंच पाहा लागते साहेब. मालकाकडं पाह्यलं का हात हालते."

माझ्या व्यवसायात हात हलतो तो कसा, हे सांगितले पाहिजे. कारण लोकांना वाटते की पैसे दिले म्हणजे माणूस खोटा आकडा लिहितो. तसे क्वचितच होते. समजा, कर्जदाराकडून मूल्यांकनासाठी दोन हजार रुपये घेतले आणि मूल्यांककाच्या हाती हजारच पडले. काम आहे केळापूर तालुक्यातले. पंढरकवड्यापर्यंत जाऊन पुढे गावात शिरायचे, म्हणजे दिवस मोडला. तिथे शेजाऱ्याशी दोन शब्द बोलल्यावर कळते, की जमीन मुळात आदिवासी कुटुंबाची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36 अ प्रमाणे अशी जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही. मग बाजारभाव काढायचा तो कोणत्या बाजाराचा? ही गोष्ट फोटोत दिसत नाही. ती दिसायला दिवस मोडावा लागतो. आणि जो दिवस परवडत नाही तो कोणीही मोडत नाही.

चुकीचा आकडा मग दोन्हीकडून चावतो. तो फुगला तर माणूस झेपणार नाही एवढे कर्ज डोक्यावर घेतो. हप्ते थकले की 2002 च्या कायद्याखाली संस्था घर ताब्यात घेते आणि लिलावाची राखीव किंमत ठरवण्याआधी पुन्हा मूल्यांकन मागवते. या वेळी आकडा आखडला, तर घरही जाते आणि कर्जही उरते. सेवाशुल्काचा व्यवहार दोघांत ठरला होता. त्याची किंमत मोजणारा तिसरा त्या बैठकीत नव्हताच.

हे केवळ आपल्याकडचे दुखणे नाही. अमेरिकेत कर्ज देणारे लोक मूल्यांककांवर दबाव आणून आकडे फुगवून घेतात, असा बोभाटा 2007 साली न्यूयॉर्कच्या सरकारी खटल्याने झाला. 2009 मध्ये तिथे आचारसंहिता आली, की कर्ज विकणाऱ्याने मूल्यांकक निवडू नये. हेतू निर्मळ होता. परंतु दोघांमध्ये भिंत घालताच भिंतीतल्या दारावर मध्यस्थ कंपन्यांचे पेव फुटले, आणि मूल्यांककाच्या फीतला वाटा त्या घेऊ लागल्या. वाजवी व रूढ फी मिळावी, असे 2010 च्या कायद्यात लिहावे लागले. दबाव टाळण्यासाठी जो मधे उभा केला, त्याचाच दबाव सुरू झाला.

आपल्याकडेही कंपनी कायद्याखालच्या नोंदणीकृत मूल्यांककांसाठी 2017 च्या नियमांत आचारसंहिता आहे. काम मिळवण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मूल्यांककाने कोणालाही भेट वा आर्थिक लाभ देऊ नये, असे ती सांगते. नियम चांगलाच आहे. पण तो बांधतो कोणाला? देणाऱ्याला. घेणारा मूल्यांकक नसेल, तर या संहितेच्या तो बाहेर. दुबळ्याच्या हाताला दोरी आणि बलवानाचा हात मोकळा, अशी ही नीती आहे.

येथवर लिहून मी स्वतःवर खूश झालो असतो. परंतु माझ्या हाताखाली शिकलेला एक तरुण गेल्या पावसाळ्यात घरी आला. त्याने ती नोंदणीची रक्कम भरली होती. मी दोन शब्द सुनावले, तेव्हा तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "सर, तुम्हांला पेन्शन आहे." मला उत्तर सुचले नाही. माझा नकार हा माझा सद्गुण होता, की सरकारने दरमहा पुरवलेली चैन होती? ज्याला परीक्षेचे पैसे फेडायचे आहेत, घरात लहान मूल आहे, त्याच्याकडून मी माझ्याइतक्याच ताठ मानेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? जी नीती फक्त पोट भरलेल्याला पाळता येते, तिच्यावर समाजाचा काटा टांगून ठेवता येत नाही.

म्हणून माझे मागणे लहान आहे. कर्जदाराने मूल्यांकनासाठी किती दिले आणि त्यातले मूल्यांककाला किती पोचले, हे दोन आकडे अहवालाच्या पहिल्या पानावर छापावेत. दलाली त्याने बंद होणार नाही. पण आपण भरलेल्या पैशांत आपले घर पाहणाऱ्याचा दिवस होता की नव्हता, हे निदान घरवाल्याला कळेल.

त्या तरुणाला दारापर्यंत पोचवताना मी विचारले, "आकडा तरी खरा लिहितोस ना?" तो म्हणाला, "खोटं नाही लिहीत, सर. पण बघणं कमी झालं."

तो गेल्यावर मी बराच वेळ ओसरीत बसून होतो. सर्व मोठ्या असत्यांची सुरुवात बहुधा अशीच, बघणे कमी होण्यातून होत असावी.