चारपासून मोजणे

साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाउसमध्ये, ज्यूस हीटरमधून निघणाऱ्या पाइपाशेजारी मनाने उभे राहा. गाळप चालू आहे. पाइपात साधारण १०३ अंशांचा रस धावतो आहे. श्वास सावकाश होऊ द्या.

पाइपाच्या वळणावर, एल्बोत, एक पोलादी नळी आत शिरलेली दिसेल. तिचे आतले टोक बंद आहे. हे थर्मोवेल. रसाचा दाब आणि मारा ते सोसते. त्याच्या पोटात आरटीडी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, आणि आरटीडीच्या टोकाशी बारीकसे प्लॅटिनम. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५.

लक्ष त्या टोकावर आणा. प्लॅटिनमला रसाचे तापमान थेट कळत नाही. त्याला स्वतः तेवढे तापावे लागते. रसाची ऊब पोलादात उतरते, पोलादातून आरटीडीच्या आवरणात, मग आत. टोक थर्मोवेलच्या तळाला टेकलेले नसेल, तर मधली हवेची पातळ फट ही ऊब अडवून धरते आणि आकडा मागे रेंगाळतो. म्हणून मागे एक छोटी स्प्रिंग असते. ती टोकाला तळाशी दाबून धरते, रात्रंदिवस. या साऱ्या मांडणीत मला तीच सर्वांत जवळची वाटते. तो हलका, न सुटणारा दाब क्षणभर जाणवू द्या.

आता वर या. लांब मान, तिच्यावर हेड. मान लांब, कारण पाइपाची धग आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. केबल खाली झोळ घेऊन मग ग्लँडमध्ये चढते. वाफेचे पाणी झोळावरूनच ठिबकून जाते. झाकण काढलेत, तर तळहातात मावेल असा गोल ट्रान्समीटर दिसेल. प्लॅटिनमचा रोध वाचून तो त्याचा करंट करतो.

त्याच्यापासून दोनच तारा निघतात. त्यांतूनच त्याला वीज मिळते, त्यांतूनच त्याचा निरोप जातो. ० ते १५० अंशांची रेंज लावली, की शून्याला ४ मिलिअँपिअर, दीडशेला २०.

शून्याला चार का? इथे रेंगाळा. तार तुटली तर करंट शून्यावर येतो, आणि कुठल्याही तापमानाला तो शून्य नसतो. थंड रस वेगळा, तुटलेली तार वेगळी. आत प्लॅटिनमच तुटले, तर ट्रान्समीटर मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातो, म्हणजे खोटा आकडा खरा म्हणून पुढे जात नाही.

रस वाहतो आहे. मीटरवर १४.९८. मग १४.९९. थोडा वेळ तिथेच राहा.