मोडलेला डाव

मुलगी बी.कॉम.ची गणितं सोडवते. मी शेजारी बसून चुकतो. काल तिनं घातलं: दोघे तुल्यबळ, आधी तीन डाव जिंकेल त्याला ६४ रुपये. २-१ असताना खेळ मोडला, वाटणी कशी?

मी बँकेतला, जमा पाहणारा. म्हटलं, "दोनास एक."

चूक! १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी पत्रापत्रीतून निकाल लावलाय: ४८ आणि १६. पुढच्या डावात पहिला जिंकला तर ६४, हरला तरी बरोबरीचे ३२. म्हणून दोन्हींच्या मधले ४८.

म्हणजे न्याय कमाईवर नाही, उरलेल्या संधीवर! पंचेचाळिशीत हे जरा झोंबतं. मुकाट्यानं डब्यातला शेवटचा लाडू तिच्याकडे सरकवला.

तिनं अर्धा परत केला. "बाबा, आपला खेळ अजून मोडलेला नाही."