बुरशी मारते की मी?

बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या बुरशीचा पुडा हातात देताना आमच्याकडचा दुकानदार हमखास सांगतो, "हे विष नाही, जैविक आहे. याचं पाप लागत नाही." पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं मला पटत नाही. शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी गिलकी, दोडकी, कारली लावणारी कितीतरी घरं माळकरी आहेत. त्यांनी ते इतक्या सहज मान्य करावं, याची मला काळजी वाटते.

फळमाशी कोवळ्या गिलक्याच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, डंखाच्या जागी फळ वाकतं, पिवळं पडून गळतं, आणि अळी मातीत शिरून कोष करते. फवारलेल्या बुरशीचे बीजाणू माशीच्या अंगाला चिकटून रुजतात, कातडी भेदून आत शिरतात. पुढचे काही दिवस बुरशी जिवंत माशीच्या आत वाढते आणि माशी मेल्यावर बाहेर येते. पावसाळ्यात मांडवाखाली पानामागे अशी एक माशी चिकटलेली सापडली. पाय ताठ, पंख पसरलेले, मानेच्या सांध्यातून आणि पोटाच्या वळ्यांमधून पांढरी लव फुटलेली. आईने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, "तिले बी जीव शे ना, भाऊ."

आईच्या बोलण्यावर विचार करताना मला विनोबा आठवतात. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अर्जुनाला अहिंसा सुचली नव्हती, स्वजनांचा मोह झाला होता, हे विनोबा पहिल्याच प्रवचनात सांगतात. दाखला देतात तो अनेकांना फाशी देणाऱ्या न्यायाधीशाचा. स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आला, तेव्हा त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली.

हीच कसोटी आपल्या दयेला लावून पाहावी. वर्षानुवर्षं पंपातून विषारी औषध गेलं. मेलेल्या माश्या, सोबत मधमाश्याही मातीत मिसळल्या, आणि गावात कुणी जिवाचं नाव काढलं नाही. बुरशीने ग्रासलेलं एक प्रेत डोळ्यांपुढे आलं तेव्हा मन कळवळलं. त्या कळवळ्यात किळस बरीच आहे, असं मला वाटतं. तरी आईचा प्रश्न खोटा ठरत नाही. उलट तो विषाच्या पंपालाही तितकाच लागू होतो.

"मारते ती बुरशी, मी कुठे मारतो?" हे उत्तर मात्र मला पळवाट वाटतं. 1835 साली इटलीत आगोस्तिनो बासी यांनी रेशीमकिड्यांच्या रोगामागे एक बुरशी असल्याचं दाखवून दिलं. तिलाच पुढे त्यांचं नाव मिळालं, बिव्हेरिया बॅसियाना. रेशीमवाल्याची वैरीण ती गिलकेवाल्याची सोबतीण. बुरशीला ना पाप ना पुण्य, ती आपला धर्म पाळते. तिला पंपात भरून मांडवात आणणारा हात माझा आहे, आणि हेतूही माझाच.

जैन आचारशास्त्र गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानतं : संकल्पी (मुद्दाम केलेली), आरंभी (घरकामात होणारी), उद्योगी (व्यवसायात होणारी), विरोधी (बचावासाठी केलेली). संकल्पी पूर्ण वर्ज्य. बाकीच्या संसारात टळत नाहीत, पण कमी कराव्यात. पीक राखणं उद्योगात आणि बचावात बसतं. पण माशी आहे की नाही हे न पाहता, शेजाऱ्याने मारलं म्हणून मारलेला पंप त्या सवलतीत बसत नाही, मग त्यात विष असो की बुरशी.

एवढं मानूनही मी बुरशीच निवडतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. पंप पाठीवर घेणाऱ्याचा जीव आधी मोजायला हवा. बुरशी मधमाशीलाही बाधू शकते, म्हणून संध्याकाळीच फवारावी. ऊन तिला तसंही सोसत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो, तेव्हा ती फवारणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

आणि फवारणीच्या आधीचं काम टाळू नका. किडकी गिलकी बांधावर फेकली की अळ्या तिथेच मातीत उतरतात, कोष करतात, नवी पिढी तयार होते, आणि मग दुप्पट मारावं लागतं. गळलेली फळं रोज वेचा, हातभर खोल पुरा, नर माश्यांसाठी गंधसापळे लावा. एवढं करूनही माशी हटली नाही, तरच पुडा फोडा.