तो वेळ आणि ती वेळ

आजचं वचन: इफिसकरांस पत्र 5:15-17
सोबत वाचा: मार्क 5:21-43, कलस्सैकरांस पत्र 4:5-6



आज मननाची सुरुवात एका हिशेबाने करू या. बदलापूर ते सीएसएमटी अंतर 68 किलोमीटर. अंबरनाथ आणि उल्हासनगरहून थोडं कमी. आपल्यापैकी जे रोज मुंबईला कामाला किंवा कॉलेजला जातात, त्यांचे जाऊन-येऊन तीन तास तरी लोकलमध्ये जातात. त्यात रिक्षाची रांग धरलेली नाही, पावसाळा धरलेला नाही. महिन्याचे 25 दिवस धरले तर 75 तास. वर्षाचे 900 तास, म्हणजे साडेसदतीस पूर्ण दिवस आणि रात्री. वर्षातला एक अख्खा महिना आणि वर एक आठवडा आपण गाडीत काढतो, आणि त्यातला बराचसा उभ्याने.

हा हिशेब मी आमच्या तरुण संघात मांडला, तेव्हा एका मुलाने लगेच विचारलं, “ताई, मग देवासाठी वेळ आणायचा कुठून?”

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचं नेहमीचं उत्तर आपल्याला पाठ आहे. गाडीत मोबाइलवर बायबल वाचा, हेडफोन लावून संदेश ऐका, झोपायच्या आधी रील्स बघणं बंद करा, पहाटे अर्धा तास लवकर उठा. यातलं काहीच चुकीचं नाही. मी स्वतः विठ्ठलवाडी ते ठाणे या टप्प्यात एक अध्याय वाचते. पण एवढ्यावर थांबलं, तर वेळेचा सदुपयोग म्हणजे फक्त टाइमटेबल होऊन जातो. जास्त अध्याय वाचले की चांगला दिवस, कमी वाचले की वाईट दिवस. मग गाडीत बाजूला कोण बसलंय, याकडे लक्षही जात नाही. उलट ती व्यक्ती बोलायला लागली की आपल्याला वाटतं, हिने माझा शांत वेळ खाल्ला!

पौलाला हेच सांगायचं होतं का?

एकच शब्द, दोन लिंगं

आपल्या मराठीत एक गंमत आहे. ‘वेळ’ हा शब्द आपण दोन प्रकारे वापरतो. “माझा वेळ गेला” म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी असतो. “वेळ आली”, “वेळ निघून गेली” म्हणतो तेव्हा तीच वेळ स्त्रीलिंगी होते. तो वेळ घड्याळात मोजता येतो: दहा मिनिटं, तीन तास, चाळीस वर्षं. ती वेळ मोजता येत नाही, ती ओळखावी लागते. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण म्हणतो तेव्हा हाच फरक मनात असतो.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही यासाठी दोन शब्द आहेत. ‘क्रोनॉस’ म्हणजे वाहत जाणारा काळ आणि ‘कैरॉस’ म्हणजे नेमकी वेळ, संधी. इफिसकरांस लिहिताना पौलाने वापरलेला शब्द कैरॉस आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर पौल ‘तो वेळ’ वाचवायला सांगत नाही, ‘ती वेळ’ साधायला सांगतो.

त्याच्या जोडीचं क्रियापद तर बाजारातलंच आहे. ग्रीकमध्ये बाजाराला ‘आगोरा’ म्हणतात, आणि त्या शब्दापासून बनलेलं ‘विकत घेणे, किंमत देऊन सोडवून घेणे’ हे क्रियापद पौलाने इथे वापरलंय. उल्हासनगरकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. कॅम्प दोनच्या गजानन मार्केटमध्ये शनिवारी संध्याकाळी जाऊन या. भाव किती का पाडून घ्या, काहीतरी मोजल्याशिवाय पिशवी हातात येत नाही.

मग प्रश्न असा: ही वेळ विकत घ्यायची तर किंमत कुठल्या नाण्यात द्यायची? मला वाटतं, ‘तो वेळ’ हेच ते नाणं. आपले तास, आपली मिनिटं, आपला ठरवलेला कार्यक्रम. देवाने रोज सकाळी हातात ठेवलेलं हे नाणं साठवताही येत नाही. निर्गम 16 मधला मान्ना आठवा. उद्यासाठी लपवून ठेवला त्याचा दुसऱ्या दिवशी वास मारला. “आज मी दोन तास वाचवले” असं आपण म्हणतो खरं, पण ते ठेवले कुठल्या बँकेत?

विकत घ्यायची, पण कुणासाठी?

हेच शब्द पौल आणखी एकदा वापरतो, कलस्सैकरांस पत्र 4:5 मध्ये. तिथे तो मंडळीबाहेरच्या लोकांशी कसं वागावं याबद्दल बोलतोय, आणि पुढच्याच वचनात आपलं बोलणं कसं असावं याबद्दल. गलतीकरांस पत्र 6:10 मध्येही तोच कैरॉस येतो, आणि तिथे विषय आहे सर्वांचं बरं करण्याचा. म्हणजे पौलाच्या मनात वेळेचा प्रश्न आला की सोबत माणूस येतोच.

लेडीज डब्यात मी एकदा पाहिलं. संध्याकाळची बदलापूर गाडी, दादरला चढलेली एक मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत होती. आवाज न करता. सगळ्यांना दिसत होतं, पण विचारणार कोण आणि कसं? समोरच्या काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी अर्धी जुडी सरळ त्या मुलीच्या मांडीवर ठेवली. “निवड गं जरा, माझे हात दुखतात.” डोंबिवलीपर्यंत दोघी गप्प मेथी निवडत होत्या. कल्याणला मुलगी बोलायला लागली. अंबरनाथला काकूंनी उतरायचं होतं, पण त्या उतरल्या नाहीत. बदलापूरपर्यंत आल्या आणि मग रिक्षाच्या रांगेपर्यंत तिच्यासोबत गेल्या.

त्या काकू ख्रिस्ती आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पण इफिस 5:16 चा अर्थ मला त्या दिवशी जास्त नीट दिसला.

एक अनोळखी सहप्रवासी

रेल्वेच्या डब्यातल्या अशा एका वेळेचं मराठी ख्रिस्ती मंडळीवर केवढं ऋण आहे! 1893 साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन गृहस्थ होते. गप्पा सुरू झाल्या, विषय कवितेपासून धर्मापर्यंत गेला, आणि उतरण्याआधी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. वाचायचं वचन दिलं होतं म्हणून टिळक वाचू लागले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचं मन अडकलं ते कायमचं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्या उपासनेत त्यांची गीतं आहेत, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ मराठी घराघरांत आहेत.

विचार करा, त्या प्रवाशानेही डोळे मिटून पडून राहायला हरकत नव्हती. पवित्र शास्त्र उघडून स्वतःपुरतं वाचत बसला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. त्याने आपला वेळ दिला, आणि ती वेळ साधली.

पण याईराचं काय?

आता अवघड भाग. मार्क 5 मध्ये याईर येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय. येशू निघतो. आणि वाटेत गर्दीतल्या एका बाईसाठी थांबतो, जी बारा वर्षं आजारी आहे. ती बरीही झालेली आहे, तरी येशू थांबून तिला शोधतो, तिचं सगळं ऐकून घेतो, तिला मुलगी म्हणून हाक मारतो. एवढ्यात निरोप येतो की याईराची मुलगी गेली.

याईराच्या जागी स्वतःला ठेवा. येशूने त्या बाईला दिलेला वेळ याईराच्या खिशातून गेला. आपल्याही बाबतीत हे घडतं. मी मैत्रिणीचं दुःख ऐकत प्लॅटफॉर्मवर तासभर बसले, तर घरी आई एकटीच स्वयंपाक उरकते. मंडळीच्या कामात रात्री अकरा वाजले, तर सकाळी ऑफिसमध्ये माझ्या वाट्याचं काम दुसरं कुणीतरी ओढतं. एकाला दिलेला वेळ दुसऱ्याकडून घेतलेला असतो. ‘सगळ्यांसाठी वेळ द्या’ असं म्हणणाऱ्यांनी हे नाकारू नये.

येशू याईराला खुलासा देत नाही. भिऊ नकोस, विश्वास ठेव, एवढंच सांगतो आणि त्याच्यासोबत चालत राहतो. बाईसाठी थांबला म्हणून याईराला विसरला असं होत नाही. आपण येशू नाही, आपल्याला मेलेलं उठवता येत नाही. म्हणूनच आपल्या बाबतीत 5:17 महत्त्वाचं आहे. वेळेबद्दल सांगून झाल्यावर पौल लगेच प्रभूची इच्छा समजून घ्यायला सांगतो. प्रत्येक हाकेला धावणं म्हणजे शहाणपण नव्हे. मार्क 1:35-38 मध्ये सगळे येशूला शोधत असतात, आणि तो प्रार्थनेतून उठून दुसऱ्याच गावांकडे निघतो. तो थांबला तेही पित्याच्या इच्छेने, आणि निघाला तेही.

अठरा वर्षांची वेळ

याचं आपल्या मातीतलं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. 1900 च्या दुष्काळाच्या सुमारास केडगावच्या मुक्तीत दीड हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुलं राहत होती. अन्न, पाणी, आजारपण, शिक्षण, सगळं बघायचं. ‘मला वेळ नाही’ म्हणायचा अधिकार कुणाला असेल, तर त्यांना. तरी वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे अठरा वर्षं हे काम चाललं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालं होतं. मुक्तीतल्या स्त्रियांनी छापखान्यात ते छापलं आणि 1924 मध्ये ते संपूर्ण प्रसिद्ध झालं.

दाराशी आलेल्या मुलीसाठी वेळ आणि टेबलावरच्या हिब्रू शब्दासाठीही वेळ. दोन्ही एकाच इच्छेखाली होतं, म्हणून एकाने दुसऱ्याला गिळलं नाही. भाषांतरही शेवटी त्या मुलींसाठीच होतं ना! म्हणून तुम्ही परीक्षेचा अभ्यास दार लावून करत असाल, तर तेही कुणाला तरी द्यायचं दान असू शकतं. प्रश्न दार लावण्याचा नाही, कुणासाठी लावलंय याचा आहे.

आणि जो वेळ हातातच नव्हता?

26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. हजारच्या वर प्रवासी तासन्‌तास डब्यात. दुसऱ्या दिवशी बचाव पथकं आली, आसपासच्या गावांतले लोक मदतीला धावले, आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्या शनिवारचा बेत त्या गावकऱ्यांचाही वेगळाच असणार. पाण्याने तो मोडला आणि दुसरंच काम समोर ठेवलं. स्तोत्र 31:15 मध्ये दावीद आपले दिवस देवाच्या हातात आहेत असं म्हणतो, ते अशा दिवशी खरं करून बघायला मिळतं.

एक सांगायचं राहिलं. दमून खिडकीशी झोपणाऱ्यांनी हे वाचून अपराधी वाटून घेऊ नये. स्तोत्र 127:2 प्रमाणे झोपही देवाचीच देणगी आहे. पाचची गाडी पकडणाऱ्याची झोप वाया गेलेला वेळ नव्हे. त्याला जागं न करता आपली बॅग त्याच्या डोक्यावरच्या रॅकवर हळूच ठेवणं, हीसुद्धा साधलेली वेळच.

तर तरुण संघातल्या त्या भावाला माझं उत्तर एवढंच: देवासाठी वेळ बाहेरून आणायचा नाही. जो आहे तो त्याचाच आहे. तो कुणाला द्यायचा, हे रोज त्याला विचारायचं.

आज करून पाहा

1. सकाळच्या प्रार्थनेत कामांची यादी देवासमोर ठेवा आणि विचारा, “प्रभू, आज यातलं काय बाजूला ठेवू आणि कुणासाठी?”
2. प्रवासातला एक टप्पा, अगदी उल्हासनगर ते कल्याण एवढाच, मोबाइल न काढता आजूबाजूची माणसं बघा.
3. तुमच्या सेवेमुळे घरात कुणाचा वेळ खर्च होतोय, ते ओळखा. आज त्या व्यक्तीला धन्यवाद द्या आणि तिचं एक काम तुम्ही करा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आजचा दिवस तू दिलास म्हणून तुझे आभार. हा माझा आहे असं समजून मी तो मुठीत धरून बसू नये. थांबायचं कुठे आणि निघायचं कधी, हे तुझ्या आत्म्याने मला कळू दे. माझ्यामुळे ज्यांना वाट बघावी लागते, त्यांच्यासोबत तू चाल. गर्दीत जी व्यक्ती तू माझ्या शेजारी बसवशील, तिला ओळखायला माझे डोळे उघड. प्रभू येशूच्या नावाने मागते, आमेन.